तक्रार असेल तर टाळ वाजवत राहायचा

वारीला का गेलीस असं सगळे विचारतात आणि मी दर वेळी वेगळंच काहीतरी सांगते. श्रद्धा आहेच, माहेरी माळ होती, पण खरं कारण म्हणजे डोंबिवलीच्या त्या टू बीएचकेत मला बसवेना झालं होतं. सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा दिवस कुठे जायचा कळायचं नाही, मग त्या गेल्या, पाठोपाठ मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला, त्यातच पाळी बंद झाली, आणि रात्री अडीचला टक्क जाग, अंगातून नुसत्या वाफा, पंखा फुल आणि नवरा शेजारी पांघरुणात गुरफटलेला. कुणी विचारलं कशी आहेस की आपलं ठरलेलं, "मस्त चाललंय". डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं आणि रोज चालायला सांगितलं. साताऱ्याकडची मावशी फोनवर म्हणाली, "चालायचंच हाय न्हवं, मग आळंदीपासनं चाल की."

मावशीची दिंडी माउलींच्या रथामागची. भिशी भरायची, त्यात दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, तंबूत झोपायला जागा, आणि बॅग ट्रकमध्ये. नवीन स्पोर्ट्स शूज घ्यायच्या भानगडीत पडू नका, एकदा भिजले की वाळतच नाहीत, रोज वापरून मऊ झालेल्या सँडल बऱ्या. आळंदी ते पंढरपूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, ऐकायला भयंकर वाटतं पण ते रोजच्या रोज वाटून दिलेलं असतं आणि मधे विसावे ठरलेले असतात, सकाळचा विसावा, दुपारचा नैवेद्य, परत विसावा. पुण्यात दोन मुक्काम, सासवडला दोन. इतकी वर्षं घर चालवलं पण "आता बसायचं" असं टाइमटेबलमध्ये लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि बसल्यावर कुणाला वाईटही वाटत नाही, लाखभर माणूस रस्त्याकडेला पाय पसरून बसलेलं असतं.

पुणे ते सासवड हा सगळ्यात मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, त्यात एकादशीचा उपास आणि शेवटी दिवेघाट. घाटात बायका फुगड्या घालत होत्या, मी कठडा धरून श्वास घेत होते. सासवडला पोचले तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड. तंबूत एक सत्तरीच्या आजी होत्या, बार्शीकडच्या, त्यांनी सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला, म्हणजे पाणी झिरपून जातं म्हणे. (डॉक्टरांना हे अजिबात आवडत नाही, मीही निदान सुई सॅनिटायझरने पुसून घेतली.) मग तेल घेऊन पाय रगडायला बसल्या. मी आपली "अहो नको, तुम्ही कशाला, मोठ्या आहात" करत पाय मागे घेतेय, तर म्हणाल्या, "घरात समद्यांचं करती ना? मग हितं गप पाय दे." सासूबाईंचे पाय मी रोज चोळायचे, माझ्या पायाला शेवटचा कुणी हात लावला होता ते आठवेना. त्यांनीच मग सरळ विचारलं, पाळी गेली का, अंग पेटतं का, रडू येतं का उगीच. तंबूतल्या पाच-सहा जणी उठून बसल्या आणि त्या रात्री जो विषय रंगला तो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जन्मात निघणार नाही.

पण मला जे सांगायचंय ते समाजआरतीचं. टीव्हीवर रिंगण दाखवतात, समाजआरती फारशी दाखवत नाहीत. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर पालखी आली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो, शेजारचा काय बोलतोय ऐकू येत नाही. मग चोपदार दंड वर करतात आणि अक्षरशः क्षणात सगळं शांत. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, काय झालं विचारतात, ऐकून घेतात, निवाडा होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात आणि आरती. रोज. ही सगळी शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली, १८३२ च्या आसपासची, शिंद्यांच्या पदरचे सरदार होते ते, त्यामुळे लष्करी थाट आहेच, पण त्या थाटात तक्रार करायची सोय ठेवणारा माणूस मला फार हुशार वाटतो.

लोणंदच्या तळावर एका दिंडीने टाळ थांबवला नाही. एवढ्या शांततेत त्यांचेच टाळ. माझ्या पोटात गोळा, म्हटलं आता ओरडा बसणार. काही नाही, चोपदार गेले, बोलणं झालं, टाळ थांबला, आरती सुरू. कुणी त्या लोकांकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. मी मात्र आरतीभर हाच विचार करत होते की माझा टाळ कुणी दंड वर करायच्या आधीच थांबतो, गेली पंचवीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी चांदोबाचा लिंब, पहिलं उभं रिंगण. अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे आलेले असतात, एकावर स्वार आणि दुसरा माउलींचा म्हणून मोकळा, तो दोन रांगांमधून सुसाट जातो आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. मीही लावली. आणि तरडगावच्या मुक्कामावर दिंडीचालकांकडे गेले, म्हटलं पहाटे टँकरवर आधी पुरुष आंघोळ उरकतात, आम्ही बायका अंधारात साड्यांचा आडोसा धरून ताटकळतो, उद्यापासून पहिला तास आमचा पाहिजे. ते म्हणाले, "माउली, मग आधी बोलायचं की." झालं. एवढंच. मी मनात भांडणाची पूर्ण तयारी करून गेले होते, ती वायाच गेली.

फलटणला एका दुकानात फोन चार्जिंगला लावून मुलाला व्हिडिओ कॉल केला. कशी आहेस म्हणाला. म्हटलं पाय दुखतायत, झोप जरा बरी लागतेय, आणि तुझी फार आठवण येते, मला घरात करमत नाही. तो गप्पच झाला, मग म्हणाला, मला पण इथे नाही करमत गं, पण तू मस्त मस्त म्हणतेस मग मी पण मस्त म्हणतो. दुकानदार दोनदा येऊन बघून गेला, बाहेर चार्जिंगला लाइन लागली होती.

एक सांगते, वारीने मेनोपॉज जात नाही. वाफा येतातच, फक्त माळरानावर वारा असतो आणि दिवसभर चालून अंग असं मोडलेलं असतं की जाग आली तरी परत झोप लागते. कॅल्शियमही मी बॅगेत नेलं होतं आणि रोज घेत होते.

वाखरीला बाकीच्या संतांच्या पालख्या येऊन मिळतात, तिथून पुढे चालणं असं नसतंच, गर्दी नेते. दर्शनाची रांग मला झेपणारी नव्हती, चंद्रभागेत पाय बुडवले, कळसाला हात जोडले, बार्शीच्या आजींच्या पाया पडले, तर त्या माझ्या पडल्या, तिथे असंच असतं.

घरी आल्यावर मिस्टरांना सांगितलं, सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्रीचा स्वयंपाक तुमचा. ते म्हणाले, वारीत हे शिकवतात का? म्हटलं हो. सध्या भात गिचका होतो, पण पिठलं चांगलं जमतंय त्यांना.