बादली असताना शंकू कशासाठी?

आम्ही अमेरिकेत, ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळ राहतो. घरी येणाऱ्या मराठी मंडळींना गराजमध्ये तीन पायांवर उभे असलेले, खाली निमुळते होत गेलेले स्टीलचे पिंप दिसते आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. वीस-पंचवीस डॉलरच्या प्लास्टिकच्या बादलीत घरगुती बिअर उत्तम होते, तुम्हीही कित्येक वर्षे तशीच करत होतात, मग शंकूच्या तळाचा हा फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवण्याचे भांडे, मुद्दाम बांधण्याचा खटाटोप कशासाठी? पुण्याहून फोनवर बोलणारे नातेवाईक त्याला आणखी एक प्रश्न जोडतात: हे तिकडे कायद्याने चालते का, आणि आम्ही इकडे केले तर? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

शंकूमुळे बिअरची चव सुधारते, असे मी म्हणणार नाही. मोठ्या कारखान्यांतल्या उंच टाक्यांचा हा आकार लिओपोल्ड नाथान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला आणि १९६०नंतर तो जगभर रुळला. त्या टाक्यांना उंचीचा मोठा फायदा मिळतो. आंबताना सुटणाऱ्या वायूमुळे सगळा द्रव खालून वर घुसळला जातो आणि बाहेरून गुंडाळलेल्या थंड द्रवाच्या वेष्टनामुळे तापमान हवे तसे राखता येते. माझ्या पिंपात १९ लिटर, म्हणजे अमेरिकी मापाने पाच गॅलन बिअर असते आणि तिची खोली अर्ध्या मीटरलाही पोहोचत नाही. त्यामुळे उंचीपासून मिळणारे हे फायदे घरात येत नाहीत. घरात येतो तो शंकूचा एकच गुण, पण तो माझ्या दृष्टीने पुरेसा आहे: वरची बिअर न हलवता, झाकण न उघडता खालचे यीस्ट काढून घेता येते.

ज्यांनी बिअर केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड काढा, ज्याला वर्ट म्हणतात, तो हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, घालून तासभर उकळायचा, १८ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते, संख्येने कितीतरी पटींनी वाढते आणि काम संपत आले की तळाशी बसू लागते. मात्र त्याच्याही आधी हॉप्सचा चोथा आणि उकळताना गोठलेली प्रथिने खाली गेलेली असतात. बादलीच्या सपाट तळावर या दोन्हींचा एकच राडा होतो. त्यातले यीस्ट हवे असेल तर आधी सगळी बिअर दुसऱ्या भांड्यात घ्यायची, मग बादली उघडून उरलेला चिखल पाण्यात कालवून निवळत ठेवायचा. या प्रत्येक पायरीवर हवेतले जंतू आत शिरण्याची संधी असते. शंकूत तोच गाळ थरांनी उतरतो. पहिल्या दोन दिवसांत चोथा टोकाशी जमतो आणि तो सोडून देता येतो. आठवड्याभराने जे खाली आलेले असते ते जवळजवळ निर्भेळ यीस्ट असते.

हे यीस्ट पुढच्या खेपेचे विरजण आहे. इथे द्रव यीस्टच्या एका पाकिटाला दहा डॉलरहून अधिक पडतात, तेव्हा बचत होते हे खरेच; परंतु मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्याचा जोम. साधारण तीव्रतेच्या एल प्रकारच्या बिअरसाठी दर मिलिलिटरमागे आणि वर्टच्या गोडीच्या दर प्लेटो अंशामागे (प्लेटो हे वर्टमधल्या साखरेचे प्रमाण मोजण्याचे माप) साडेसात लाख पेशी घालाव्यात, असा एक रूढ हिशेब आहे. १९ लिटर आणि साडेबारा अंश गोडी धरली तर हा आकडा १७८ अब्जांच्या घरात जातो. साठवणीत काही काळ पडून राहिलेल्या पाकिटात इतक्या जिवंत पेशी उरतीलच असे नाही. नुकत्याच काढलेल्या दाट, साईसारख्या यीस्टच्या पाव लिटरात त्या सहज असतात आणि असे यीस्ट घातलेले वर्ट काही तासांतच फसफसू लागते. पाच-सहा पिढ्या झाल्या की मात्र मी नवे पाकीट आणतो, कारण तोपर्यंत यीस्टचा स्वभाव बदललेला असू शकतो.

आता बांधणीकडे वळतो. शंकूचा कोन ६० अंशांचा ठेवावा. त्याहून पसरट ठेवला तर यीस्ट उतारावर चिकटून बसते. या कोनाची भूमिती फार देखणी आहे. साठ अंशांचा शंकू उलगडून सपाट केला की बरोबर अर्धवर्तुळ मिळते. म्हणजे ३० सेंटीमीटर व्यासाच्या पिंपाला तळ हवा असेल तर ३० सेंटीमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ कापायचे. ६० बाय ३० सेंटीमीटरच्या पत्र्यात ते नेमके बसते. केंद्राशी सुमारे पावणेचार सेंटीमीटर त्रिज्येचे लहान अर्धवर्तुळ कापून काढले की तेवढ्याच व्यासाचे, म्हणजे दीड इंच नळीचे तोंड आपोआप तयार होते. मग पत्रा वळवून दोन सरळ कडा एकमेकींना भिडवायच्या. ज्यांना वळवण्याची कटकट नको त्यांना लेथवर फिरवून घडवलेले, जोड नसलेले शंकू तयारही मिळतात. मला मात्र हे अर्धवर्तुळ कागदावर काढून, कापून, गुंडाळून पाहिल्यावर पत्र्यातच करायचा मोह आवरला नाही.

या शंकूत सहा लिटरच्या आसपास द्रव मावतो. वरचा भाग म्हणून मी ३० सेंटीमीटर व्यासाचे आणि ३२ सेंटीमीटर उंचीचे जाड पातेले घेतले आणि त्याचा तळ कापून टाकला. १९ लिटर वर्ट भरल्यावर वर १४ सेंटीमीटर जागा मोकळी राहते. आंबताना वर चढणाऱ्या फेसाला ती लागते. पत्रा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा असावा.

जोडकाम मी स्वतः केले नाही आणि ज्यांचा हात रोज या कामावर बसलेला नाही त्यांनीही ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या विलामेट खोऱ्यात वाइनच्या टाक्या जोडणारे कुशल वेल्डर आहेत, त्यांच्यातल्या एकाकडून करून घेतले. टिग या वेल्डिंगच्या पद्धतीने जोडताना बाहेरून आरगॉन वायूचे आवरण असतेच, पण आतल्या बाजूनेही आरगॉन सोडावा लागतो. तो सोडला नाही तर जोडाच्या आतल्या अंगाला दाणेदार, काळसर खरपुडी धरते आणि बिअर लागते ती नेमकी त्याच अंगाला. त्या खरपुडीच्या खाचांत जंतू दडून बसले की कोणत्याही धुण्याने ते निघत नाहीत. जोड झाल्यावर बोटाच्या पेराने आतून चाचपून पाहावे. नखाला कुठेही अडथळा लागता कामा नये. नंतर घासून गुळगुळीत केलेला जोड सायट्रिक आम्लाच्या कोमट द्रावणात बुडवून ठेवला की पृष्ठभागावरचे मोकळे लोह निघून जाते आणि स्टीलला गंजण्यापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर पुन्हा नीट धरतो. त्यानंतर त्या पिंपाला कपडे शुभ्र करणारे क्लोरीनचे ब्लीच कधीही लावू नये, कारण क्लोराइडमुळे याच थराला सूक्ष्म भोके पडतात.

इतके सगळे करून लोक खाली नळाच्या दुकानातला साधा बॉल व्हॉल्व्ह बसवतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. बॉल व्हॉल्व्हमध्ये भोक पाडलेला गोळा फिरतो. त्या गोळ्याच्या मागे, त्याच्या आणि बाहेरच्या कवचाच्या मधल्या फटीत यीस्ट शिरते आणि तिथेच कुजते. गरम पाणी कितीही सोडले तरी ते त्या फटीत फिरत नाही. हा व्हॉल्व्ह वापरायचाच असेल तर तीन भागांत सुटा होणारा घ्यावा आणि प्रत्येक खेपेनंतर तो खरोखर सोडवून धुवावा. मी बटरफ्लाय व्हॉल्व्ह घेतला. त्यात नळीच्या मधोमध एक चकती असते, ती पाव फेरा फिरली की वाट मोकळी होते, आणि तिच्यामागे घाण साठायला जवळजवळ जागाच नसते. शंकूच्या टोकाला आटे न पाडता दुग्धशाळेत वापरतात तशी सपाट कडेची ट्राय-क्लॅम्प जोडणी वेल्ड करून घेतली. दोन कडांच्या मध्ये सिलिकॉनचे वॉशर ठेवून एक पकड आवळली की जोड तयार होतो आणि ती पकड काढली की सगळे भाग हातात येतात. शंकूच्या बाजूला, टोकापासून थोडे वर, आणखी एक तोंड आहे. त्यातून वाकडी नळी आत जाते आणि बाहेरून फिरवून तिचे तोंड गाळाच्या वर धरता येते, म्हणजे बाटल्या भरताना निवळ बिअरच येते.

यीस्ट काढण्याचेही एक तंत्र आहे. व्हॉल्व्ह झटकन पूर्ण उघडला तर दाट यीस्ट जागच्या जागी राहते, वरची पातळ बिअर त्याच्या मधोमध बोगदा पाडून खाली धावते आणि बरणीत यीस्टऐवजी बिअर भरते. म्हणून चकती किंचितच तिरकी करायची आणि वाट पाहायची. प्रथम तपकिरी, हिरवट कण असलेला गाळ येतो, तो फेकून द्यायचा. मग रंग उजळत जातो आणि फिकट, घट्ट, एकसारखी धार सुरू होते. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरणीत घ्यायची ती ही धार. बरणीचे झाकण सैल ठेवून ती फ्रिजमध्ये ठेवावी, कारण यीस्ट थंडीतही थोडा वायू सोडत राहते. दोन आठवड्यांच्या आत ते वापरावे.

खालून अर्धा लिटर काढले की वरून अर्धा लिटर हवा आत येणार, हे लक्षात घ्यावे लागते. झाकणावरच्या एअरलॉकमधले, म्हणजे आतला वायू बाहेर सोडून हवा अडवणाऱ्या लहान नळीतले, पाणीही तिच्याबरोबर ओढले जाते आणि ताज्या बिअरला हवेतला ऑक्सिजन मानवत नाही. मी त्या वेळी एअरलॉकच्या जागी कार्बन डायऑक्साइडने भरलेली मऊ पिशवी जोडतो. सिलिंडर थेट जोडून दाब देण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो या पिंपासाठी मी मानत नाही. ३० सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर केवळ एक पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला एक पौंड, दाब आला तरी त्यावर पन्नास किलो वजनाएवढा जोर पडतो, आणि दहा पीएसआयला तो पाचशे किलोंच्या घरात जातो. पातेल्याचे झाकण आणि त्याच्या पकडी यासाठी बनवलेल्या नसतात.

कायद्याचे म्हणाल तर अमेरिकेत घरी बिअर करण्यावरचे केंद्रीय निर्बंध अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८मध्ये सही केलेल्या कायद्याने उठले आणि फेब्रुवारी १९७९पासून ती मुभा अमलात आली. एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, आणि विक्री मुळीच नाही, अशी मर्यादा आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो. पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरींना स्वतंत्र परवाना असतो. घराला तो लागू होत नाही. म्हणून पुण्यातल्या माझ्या भाच्याने आराखडा मागितला तेव्हा मी तो दिला, पण त्यात बिअर करू नकोस हेही त्याला निक्षून सांगितले.

जिथे हे कायदेशीर आहे तिथल्या मंडळींनाही मी सरसकट शंकू घ्या असे सांगत नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा बिअर करणाऱ्याचे यीस्ट पुढच्या खेपेपर्यंत टिकणारच नाही, तेव्हा त्याने बादलीतच करावी. दर दोन-तीन आठवड्यांनी करणाऱ्याने जरूर बांधावा आणि पैसे कमी पडत असतील तर पिंप साधे घ्यावे, पण खालचे तोंड, व्हॉल्व्ह आणि जोडकाम यांत काटकसर करू नये. पहिले वर्ट ओतण्याआधी पिंप पाण्याने काठोकाठ भरून, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून ते रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी एखादा कागद ओला दिसला तर आधी वॉशर बदलून पाहावे, आणि तरीही पाझर थांबला नाही तर ते पिंप पुन्हा वेल्डरकडे न्यावे.