तुम्ही विचारलंत म्हणून: इतकं कमी बोलून माणसं कशी सांभाळता?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक, ज्यांना मी दरवेळी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेला दिसतो. दुसरे, नव्याने इनचार्ज झालेले किंवा होता होता राहिलेले तरुण इंजिनिअर. नातेवाइकांना मी हसून टाळतो. हे लिहितोय ते दुसऱ्यांसाठी. त्यांच्या अप्रेझलच्या कागदावर ‘काम उत्तम, पण पुढे पुढे येत नाही’ असा शेरा असतो आणि त्याचं करायचं काय, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आधी एक खुलासा. मला माणसांची भीती वाटत नाही. पाळीभर बोललो की थकतो, एवढंच. संध्याकाळच्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्यांना हे ठाऊक आहे, ते बिचारे मोबाइल काढून बसतात. लाजाळू माणसाची गोष्ट वेगळी असते. त्याला बोलायचं असतं, पण धीर होत नाही. या दोघांना एकाच ट्रेनिंगला पाठवणारे एचआरवाले मी पुष्कळ पाहिलेत.

मी चाकणच्या एका कारखान्यात मशीन शॉप बघतो. गाड्यांचे हब, तीन पाळ्या, जुने परमनंट ऑपरेटर, कंत्राटी पोरं, आयटीआयचे ट्रेनी. अशा ठिकाणी बोलक्या साहेबाची एक अडचण असते, ती त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. तो बोलत असतो तोवर त्याला कुणी काही सांगत नाही.

मध्यंतरी एका मशीनवर बोअरचा, म्हणजे हबमधल्या भोकाचा, साइज शुक्रवारी हमखास घसरायचा. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. शुक्रवारी इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी टोकं, लवकर झिजायची, बोअर खालच्या लिमिटला टेकायचा आणि दुपारपर्यंत रिजेक्शनची लाल पेटी भरायची. सकाळच्या मीटिंगमध्ये बोर्डासमोर सगळे उभे. क्वालिटीवाले म्हणतात मशीन, मेंटेनन्सवाले म्हणतात टूल, टूल रूमवाले म्हणतात कास्टिंगच (ओतीव माल) कडक येतंय. मी एवढंच विचारलं, “सुट्टीच्या आधी आणि नंतर नेमकं काय बदलतं?” आणि गप्प राहिलो. असा गप्पपणा लोकांना जड जातो. कुणी घड्याळ बघतं, कुणी बोर्डावरचे आकडे पुन्हा वाचतं. मागे कॉटन वेस्टने हात पुसत एक जुने ऑपरेटर उभे होते, त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते म्हणाले, “साहेब, टाकीत पाणी कोण भरतं ते बघा.”

गुरुवारी कूलंटच्या, म्हणजे कापताना धातू थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या, टाकीतला गाळ काढायचे. त्यात बरंचसं कूलंटही जायचं आणि मग नळी लावून टाकी साध्या पाण्याने भरली जायची. तेल मिसळायचं राहूनच जायचं. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे कूलंटमध्ये तेल किती ते दाखवणाऱ्या उपकरणावर, थेंब टाकला तर कूलंट जवळपास पाणीच झालेलं. मामांना विचारलं, आधी का नाही बोललात? तर म्हणाले, “बोलणार होतो, पण तुमचं सगळ्यांचं चाललं होतं ना.”

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1970च्या दशकात शाळेच्या वर्गांतल्या संवादाचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात, असं त्यांना दिसलं. तेच शिक्षक तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. शॉप फ्लोअरवर तीन सेकंद पुरत नाहीत, कारण इथे साहेबासमोर बोलल्याचे परिणाम असतात. पण तत्त्व तेच. कमी बोलणाऱ्याला हे थांबणं शिकावं लागत नाही, आणि माझ्या मते त्याचं खरं भांडवल हेच.

मात्र याचा अर्थ शांत साहेब सगळीकडे चालतो असा नाही. ॲडम ग्रँट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका पिझ्झा कंपनीची 57 दुकानं तपासली. तो अभ्यास 2011मध्ये प्रसिद्ध झाला. जिथले कामगार स्वतःहून सुधारणा सुचवत होते, तिथे बोलक्या मॅनेजरांचा नफा कमी निघाला. जिथे कामगार सांगितलं तेवढंच करत होते, तिथे बोलका मॅनेजर सरस ठरला. वाचून मला नवल वाटलं नाही. मामांसारख्यांच्या लाइनवर माझं गप्प राहणं चालतं. पण काल भरती झालेल्या पोरांना कुणीतरी खणखणीत आवाजात ‘आधी गॉगल घाल, मग बटण दाब’ असं दहादा सांगावं लागतं. तिथे मी आमच्याकडच्या सगळ्यात बोलक्या सुपरवायझर ताईंना उभं केलंय. त्या बोलायला लागल्या की कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू येत नाही.

आता लीडरशिप ट्रेनिंगबद्दल. लोणावळ्याचं रिसॉर्ट, गोल करून बसायचं, ‘स्वतःबद्दल कुणाला माहीत नसलेली गोष्ट सांगा’, मग दोरी ओढा, चेंडू झेला. मजा येते, जेवण चांगलं असतं. पण अनोळखी घोळक्यात कोण मोकळा होतो, यापलीकडे त्यातून काही कळतं असं मला वाटत नाही. त्यापेक्षा तरुण इंजिनिअरच्या हाती एखादी छोटी लाइन द्या. रोजचा शिफ्ट हँडओव्हर त्याला लिहायला लावा. चार वेळा सांगूनही उशिरा येणाऱ्या ऑपरेटरशी केबिनमध्ये एकट्याने बोलायला सांगा. हे शेवटचं काम शांत माणसं बऱ्याचदा चांगलं करतात, कारण तिथे श्रोते नसतात, दोघंच असतात.

बऱ्याचदा म्हटलं, कारण काहींचा शांतपणा म्हणजे निव्वळ टाळाटाळ असते. आपल्या स्वभावाचं कौतुक करणारे लेख वाचून ती सुधारत नाही, उलट तिला निमित्त मिळतं. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर एकच पाहा, वरच्यांसमोर तुम्ही काय करता. प्लांट हेडसमोर गप्प बसणारा साहेब त्याच्या माणसांना महाग पडतो. ओव्हरटाइम अडकतो, भट्टीजवळचा पंखा मंजूर होत नाही, चांगल्या ट्रेनीचं परमनंट होणं राहतं. तिथे बोलावंच लागतं.

मी ते कागदावर बोलतो. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी एक पानी टिपण पाठवतो: अडचण काय, खर्च किती, निर्णय कोणता हवा. ॲमेझॉनमध्ये 2004 साली जेफ बेझोस यांनी वरच्या बैठकांमधून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. तिथे आधी सगळे मुकाट्याने टिपण वाचतात, मग चर्चा. आमच्याकडे तेवढी शिस्त नाही, निम्मे लोक माझं पान मीटिंगमध्येच उघडतात. तरी उपयोग होतो. आणि पहिल्या पाच मिनिटांत मी एक तरी वाक्य बोलून घेतो. उशीर केला की तोंड उघडणं अवघड होत जातं, हे गप्प माणसांना वेगळं सांगायला नको.

राहिला तो अप्रेझलचा शेरा. साहेबांना विचारा, “सर, नेमक्या कोणत्या मीटिंगमध्ये, कोणत्या विषयावर मी बोलायला हवं होतं?” उत्तर मिळालं तर त्या विषयाची तयारी करा, शेरा रास्त होता. उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये जागा आहे का, याची चौकशी सुरू करायला हरकत नाही.