पार्वो आला तो माझ्या चपलेवरून

आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला, गुंडीला, पार्वो (कुत्र्यांच्या पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा व्हायरस) निघाला तेव्हा मी डॉक्टरांना आधी हेच विचारलं की अहो ही अजून घराबाहेर गेलीच नाहीये, मग हिला झाला कुठून? ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्या चपलांकडे बघितलं.

आमच्या पार्किंगमधे दिवाळीनंतर एक कुत्री व्यायली होती, सहा पिल्लं, मी रोज दूध-पोळी घेऊन जायचे. आठवड्याभरात त्यातली चार गेली. थंडीने गेली असं वॉचमनकाका म्हणाले आणि आम्हीपण मानलं, तिथे रक्ताची घाण पडलेली दिसत असूनसुद्धा! म्हणजे बघा, पार्वो किती कॉमन आहे ते कळणार कसं, रस्त्यावरची पिल्लं थंडीने नाहीतर गाडीखाली जातात असंच आपण धरून चालतो ना. भटक्या मोठ्या कुत्र्यांचं रक्त तपासलं तर बहुतेकांत पार्वोच्या अँटीबॉडी सापडतात, म्हणजे तो गाठतो जवळपास सगळ्यांनाच, आपल्याला दिसतात ती फक्त वाचलेली. आणि हा रोग काही फार जुना नाही हं, 1978 मधे पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचलापण, मांजरांच्या एका व्हायरसचा हा जवळचा नातेवाईक.

मी येडी घरभर फिनेल मारत बसले होते. फिनेल, सॅनिटायझर कशालाच तो दाद देत नाही, ब्लीच लागतं, एका भागाला तीस भाग पाणी, आणि लगेच पुसायचं नाही, दहा मिनिटं तसंच ठेवायचं. मातीत तर महिनोन् महिने टिकतो.

बरं, गुंडीला पंचेचाळीस दिवसांची असताना एक लस झाली होती, त्यामुळे मी निवांत. पण आईच्या दुधातून आलेल्या अँटीबॉडी अंगात असेपर्यंत लसीलाच हाणून पाडतात, आणि त्या कधी संपतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून तीन-चार आठवड्यांनी परत परत टोचायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं झाल्यावरच.

पाच दिवस सलाईन. पोट साफ बिघडलेलं, पांढऱ्या पेशी खाली, सहाव्या दिवशी स्वतःहून पाणी प्यायली तेव्हा मी तिथेच क्लिनिकमधे रडले.

आता चपला दाराबाहेर. आणि ग्रुपवर कुणी "पिल्लू द्यायचंय, लस झालीये" टाकलं की मी विचारते, कितवी? बहुतेकवेळा पहिलीच असते.