मिलानच्या बारमधून निघालेले सात स्वर

बेल्जियममधल्या ब्रूजला येणारी आपली मंडळी साधारण ठरलेल्या गोष्टी बघतात. चॉकलेटची दुकानं, लेस, कालव्यातली बोट, मार्क्ट चौकातला घंटांचा मनोरा, आणि संध्याकाळच्या गाडीने ब्रसेल्सला परत. त्या मनोऱ्यासमोर यान ब्रेडेल आणि पीटर द कोनिंक या दोघांचा पुतळा आहे, तिथेही फोटो निघतात. पण त्याच यान ब्रेडेलच्या नावाचं फुटबॉल स्टेडियम गावाच्या पश्चिमेला आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. या शहराने अलीकडच्या काळात जगाला जे दिलं, ते माझ्या मते त्या स्टेडियममधल्या लोकांनी दिलं आहे.

तुम्ही ते ऐकलेलं आहे. फुटबॉल बघत नसाल तरी ऐकलं आहे. हजारो माणसं एकत्र, शब्दांशिवाय, नुसतं "ओऽऽ, ओ-ओ-ओ-ओ, ओऽऽ, ओऽऽ" करत असतात, तीच ही चाल. मूळ गाणं अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या 'द व्हाइट स्ट्राइप्स' या दोघांच्या बँडचं (गिटारवर जॅक व्हाइट, ड्रमवर मेग व्हाइट), नाव 'सेव्हन नेशन आर्मी'. डेट्रॉइटच्या गॅरेज रॉकमधून आलेल्या एका इंडी बँडचं गाणं जगभरच्या मैदानांचं गाणं झालं, आणि तो रस्ता ब्रूजवरून गेला. इथे राहायला येईपर्यंत मला यातलं काहीच माहीत नव्हतं. झेब्रुगच्या बंदरात माझ्यासोबत काम करणारा एक सहकारी क्लब ब्रूज या इथल्या फुटबॉल संघाचा निष्ठावान पाठीराखा आहे. त्याने हे मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मला ती गावकीची बढाई वाटली. नंतर वाचत गेले आणि कळलं, की खरंच तसं घडलं आहे.

सुरुवात मात्र ब्रूजपासून फार लांब, ऑस्ट्रेलियात झाली. जानेवारी 2002. मेलबर्नच्या रिचमंड भागात 'कॉर्नर हॉटेल' नावाचं गाण्याच्या कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध असलेलं पब आहे. तिथे कार्यक्रमाआधी साउंडचेक चालू असताना जॅक व्हाइटच्या गिटारवर ही चाल आली. त्याने ती बेन स्वँक या मित्राला ऐकवली. मित्र म्हणाला, ठीक आहे. बस, तेवढंच. जॅकच्या मनात होतं की कधी जेम्स बाँडच्या चित्रपटाचं गाणं करायला मिळालं तर त्यासाठी ही राखून ठेवावी. पण तशी संधी येईल असं वाटेना, म्हणून त्याने तिचं गाणं करून टाकलं. (बाँडचं गाणं त्याला पुढे 2008 मध्ये खरंच मिळालं, तेव्हा ही चाल केव्हाच जगाची झाली होती.) नावाचं म्हणाल, तर लहानपणी तो 'सॅल्व्हेशन आर्मी'ला चुकून 'सेव्हन नेशन आर्मी' म्हणायचा. सॅल्व्हेशन आर्मी म्हणजे आपली मुक्तिफौज, नगरचं बूथ हॉस्पिटल चालवते तीच.

2002 च्याच एप्रिलमध्ये दोघं लंडनला गेले. पूर्व लंडनच्या हॅकनी भागात लियाम वॉटसन यांचा 'टो रॅग' नावाचा छोटा स्टुडिओ होता. तिथे सगळी यंत्रं जुन्या काळची, आठ ट्रॅकचं टेप मशीन, संगणकाचा पत्ता नाही. 'एलिफंट' हा अख्खा अल्बम जवळजवळ सगळा तिथेच, दोनेक आठवड्यांत झाला. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांनी छापलंही, की हे लिहिताना, ध्वनिमुद्रण करताना, मिक्सिंग करताना कुठेही संगणक वापरलेला नाही. 2002 मध्ये बहुतेक सगळे जण संगणकावर गाणी कापून-जोडून बनवत होते, तेव्हा असं लिहिणं म्हणजे उघड भूमिका घेणं होतं.

आता गंमत ऐका. या गाण्याची सुरुवात ज्या जाड, खालच्या आवाजाने होते, तो बास गिटारचा वाटतो. या बँडमध्ये बास गिटार नव्हतीच. दोनच माणसं, गिटार आणि ड्रम. जॅकने 1950 च्या दशकातली 'के' कंपनीची पोकळ अंगाची गिटार घेतली आणि तिचा आवाज 'व्हॅमी' नावाच्या पायाने चालवायच्या पेडलमधून एक सप्तक खाली उतरवला. एवढंच.

ही चाल नेमकी काय आहे, हे कळावं म्हणून मी सांगलीला मामांना फोन केला. मामांची पेटी आमच्या सगळ्या घराला माहीत आहे. मी फोनवर दोन-तीनदा गुणगुणले. पलीकडून पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि मामा म्हणाले, "अगं, सा सा कोमल ग सा, मग कोमल नी, कोमल ध, आणि पंचमावर येऊन बसलीय. आसावरी थाटाचे स्वर आहेत. पण रिषभ नाही, मध्यम नाही, राग म्हणू नकोस हं." नाही म्हणत, मामा. पण तेव्हापासून मला ही चाल जास्त नीट ऐकू येते. एकूण सात स्वर, त्यातही वेगळे पाचच. आठ मात्रांत आवर्तन पुरं होतं. पहिला षड्ज लांब, दुसरा झटकन, मग दोन मात्रांच्या जागेत तीन स्वर किंचित ओढून, आणि शेवटी धैवत आणि पंचम प्रत्येकी दोन मात्रा, ठाम पाय रोवून. वर फक्त कोमल गंधारापर्यंत जायचं, बाकी सगळी उतरण. कोणाचाही गळा तिथे पोहोचतो. गाता न येणारा माणूससुद्धा ती बेसूर न होता म्हणू शकतो, आणि हजारो माणसं म्हणतात तेव्हा ती अधिकच भारदस्त होते.

मेग व्हाइटच्या ड्रमबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. तिच्या वाजवण्याला कच्चं, शाळकरी म्हणणारे पहिल्यापासून होते. 2023 मध्ये तोच वाद सोशल मीडियावर पुन्हा पेटला आणि जॅकने तिच्यासाठी कविता लिहून उत्तर दिलं. या गाण्यात ती काय करते ऐका. प्रत्येक मात्रेवर एक ठोका, सरळ, जड, न सजवलेला. वर झांजांची आतषबाजी नाही, मध्ये तुकडे नाहीत. कोणा मोठ्या तयारीच्या वादकाने इथे आपली करामत भरली असती, तर चालीभोवतीची ती मोकळी जागा राहिलीच नसती, आणि ती जागा नसती तर पुढे लोकांच्या टाळ्या आणि पाय तिथे शिरलेच नसते. तिने न वाजवलेल्या ठोक्यांवर हे गाणं उभं आहे असं माझं ठाम मत आहे.

गाण्याला ध्रुवपदही नाही. कडवं संपलं की जिथे आपण शब्दांची वाट बघतो तिथे गिटार त्याच चालीवर जोरात कोसळते. ध्रुवपदाशिवाय गाणं धरून ठेवता येतं का, हे जॅकला करून बघायचंच होतं. शब्द आहेत ते कडव्यांत, आणि त्यांचा विषय आहे कुचाळक्या: गावात पसरणाऱ्या खोट्यानाट्या गोष्टी, त्यांनी वैतागलेला माणूस, आणि गाव सोडून जायची त्याची तयारी. डेट्रॉइटमध्ये या जोडीबद्दल बोलणाऱ्यांची कमी नव्हती. दोघं पूर्वी नवरा-बायको होते आणि लोकांना बहीण-भाऊ म्हणून सांगत. रेकॉर्ड कंपनीला हे पहिलं गाणं म्हणून पुढे आणायचं नव्हतं, त्यांच्या मनात दुसरं होतं. जॅक अडून बसला. 2003 च्या वसंतात गाणं बाहेर आलं, आणि 2004 मध्ये त्याला उत्कृष्ट रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं. इथपर्यंतची कहाणी एका यशस्वी गाण्याची आहे, आणि अशी यशस्वी गाणी पुष्कळ आहेत.

22 ऑक्टोबर 2003 ला क्लब ब्रूजचा चॅम्पियन्स लीगचा सामना मिलानमध्ये होता. समोर एसी मिलान, त्याच वर्षीचे युरोपचे विजेते. बेल्जियमच्या संघाने तिथे जाऊन जिंकावं अशी अपेक्षा पाठीराख्यांचीही नव्हती. सामन्याआधी निळ्या-काळ्या स्कार्फातली ही मंडळी मिलानमधल्या एका बारमध्ये बसली होती. स्पीकरवर हे गाणं लागलं आणि कोणीतरी गिटारची चाल तोंडाने म्हणायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी. तीच घेऊन ते सान सिरोच्या त्या अजस्र स्टेडियममध्ये गेले. 33 व्या मिनिटाला पेरूच्या आंद्रेस मेंदोझाने गोल केला आणि ब्रूजने सामना 1-0 असा जिंकला. त्या रात्री ते काय गात बसले असतील, हे सांगायला नको. चाल त्यांच्यासोबत घरी आली, आणि क्लबने आपल्या मैदानात गोल झाल्यावर हेच गाणं लावायला सुरुवात केली.

पुढे दोन-अडीच वर्षं ती इथेच वाढली. मग 15 फेब्रुवारी 2006 ला यूएफा कपसाठी रोमाचा संघ ब्रूजला आला. रोमाने 2-1 असा सामना जिंकला, आणि जाताना त्यांचे पाठीराखे ही चाल सोबत घेऊन गेले. रोमाचा लाडका फ्रान्चेस्को तोत्ती नंतर म्हणाला होता, की ब्रूजच्या मैदानात येईपर्यंत त्याने हे गाणं ऐकलंच नव्हतं आणि मग ते डोक्यातून जाईना. इटलीत तिला नवीन बोल मिळाले, "पो-पो-पो". त्याच उन्हाळ्यात इटलीने बर्लिनमध्ये फ्रान्सला पेनल्टीवर हरवून विश्वचषक जिंकला आणि अख्खा देश रस्त्यांवर पो-पो-पो करत उतरला. चाल इटलीतून निघून, बेल्जियममध्ये मोठी होऊन, पुन्हा इटलीत गेली. 2008 च्या युरो स्पर्धेत संघ मैदानात उतरताना तीच वाजत होती. अमेरिकेत ती कॉलेजच्या आणि व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या मैदानांत शिरली, म्हणजे आपल्या मायदेशी युरोपातून फिरून परतली.

मैदानाबाहेरचंही सांगते. 2017 मध्ये इंग्लंडात लेबर पक्षाच्या जेरेमी कॉर्बिन यांचं नाव तरुण पोरं याच चालीवर गाऊ लागली. आधी लिव्हरपूलजवळच्या प्रेंटन पार्कवर एका संगीत कार्यक्रमात, मग महिनाभराने ग्लास्टनबरीच्या महोत्सवात. उलट अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराच्या चित्रफितीत गाणं वापरलं गेलं तेव्हा जॅक आणि मेग दोघांनी त्याला उघड विरोध केला, आणि 2024 मध्ये तर कोर्टात दावा टाकला, जो पुढे मागे घेतला. मला यात विसंगती दिसत नाही. लोकांनी आपणहून उचलणं आणि प्रचारयंत्रणेने न विचारता वापरणं, यात मोठा फरक आहे.

लोकांनी उचलण्याबद्दल जॅक व्हाइटला आनंदच आहे. इटालियन लोकांनी चाल आपलीशी केली तेव्हा त्याला तो मोठा मान वाटला होता. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती कुठून आली हे माहीत नसतं, हेच त्याला आवडतं, कारण तेव्हा ते लोकसंगीत होतं, असं त्याचं म्हणणं आहे. वानखेडेवरच्या "सचिऽऽन, सचिन"ला कोणी संगीतकार विचारत नाही, तसंच.

त्याचा आनंद मला समजतो, तरी मला वाटतं की कुठून आली हे सांगितलं पाहिजे. डेट्रॉइटच्या दोन माणसांनी, जुन्या यंत्रांवर, इतक्या कमी सामग्रीत हे केलं. आणि मिलानच्या बारमधल्या ब्रूजकरांनी ती गिटारची चाल आहे, गळ्याची नव्हे, हे मनावर न घेता ती गायली. गाण्यातलं कुठलं अंग माणसांचं आहे हे ओळखणं सोपं नाही. रेकॉर्ड कंपनीच्या जाणकारांना ते दिसलं नव्हतं, ते सामन्याला निघालेल्या लोकांना दिसलं.

मला स्वतःला या चालीचा जो उपयोग झाला तो असा. मी इथे डच वर्गात जाऊन शिकले, परीक्षा दिल्या. पण ब्रूजमधली माणसं आपसात बोलतात ती वेस्ट फ्लेमिश बोली. ती इतकी वेगळी, की बेल्जियमच्याच टीव्हीवर तिच्याखाली उपशीर्षकं देतात. सहकाऱ्यासोबत स्टेडियमवर जायला लागले तेव्हा आजूबाजूचे घोषणा देत, गाणी म्हणत, आणि मला निम्मं कळायचं नाही. मी टाळ्या वाजवायचे. ही चाल सुरू झाली की मात्र मला सगळं येत असे. शब्दच नाहीत, त्यामुळे उच्चार चुकायचा प्रश्न नाही. शेजारच्या आजोबांनी एकदा वळून बघितलं, मान हलवली, आणि मध्यंतरात न विचारता त्यांच्या फ्रीतचा, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या कापांचा, पुडा माझ्यापुढे धरला, मेयोनेजसकट. त्यानंतर ते आमच्याशी बोलायला लागले. बोली मला अजूनही पुरती कळत नाही, पण ते आता माझ्यासाठी हळू बोलतात.

क्लब ब्रूजने 12 क्रमांकाची जर्सी कोणाही खेळाडूला द्यायची नाही असं ठरवलं आहे. तो क्रमांक पाठीराख्यांचा. मैदानात अकरा, बारावे हे. मिलानला गेलेले हेच बारावे.

कधी ब्रूजला आलात तर एक मुक्काम करा. दिवसा कालवे बघा, आणि सामना असेल त्या दिवशी संध्याकाळी रेल्वे स्टेशनवरून सिंट-आंद्रिस भागातल्या स्टेडियमकडची बस पकडा. तिकीट आधी क्लबच्या संकेतस्थळावर बघून ठेवा, दारावर मिळेल या भरवशावर जाऊ नका. आणि वेळापत्रक नीट वाचा, कारण त्याच स्टेडियमवर सेर्कल ब्रूज हा शहरातला दुसरा संघही खेळतो, हिरव्या-काळ्या रंगाचा. मिलानच्या त्या रात्रीच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर निळ्या-काळ्यांच्या दिवशी जा, आणि शेजारी पन्नाशीच्या पुढचं कोणी बसलं असेल तर बिनधास्त विचारा.