पेन्सिल टेकवण्याआधी

तिसरीतील एका मुलीने ४०३ वजा ३९८ हे उदाहरण उभ्या मांडणीत सोडवून वही माझ्यापुढे ठेवली. अक्षर सुबक होते, एककाखाली एकक, दशकाखाली दशक होते, रेघही पट्टीने मारलेली होती. उत्तर मात्र १९५. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून तिने आठातून तीन वजा केले होते. शून्यातून नऊ जात नाहीत, म्हणून नवातून शून्य. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याची ही चूक मुलांमध्ये फार नियमितपणे आढळते. ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतील अशा चुकांचा अभ्यास मांडताना दाखवले होते की, पुष्कळदा त्यामागे निष्काळजीपणा नसतो. मूल एक नियम निष्ठेने पाळत असते, फक्त तो नियम चुकीचा असतो.

दशक सुटा करून वजाबाकी कशी करायची, हे मी तिला पुन्हा सांगितले नाही. दोन्ही संख्या फक्त मोठ्याने वाचायला सांगितल्या. चारशे तीन, तीनशे अठ्ठ्याण्णव. ती थांबली आणि म्हणाली, "बाई, या तर अगदी शेजारी आहेत!" तीनशे अठ्ठ्याण्णवपासून चारशेपर्यंत दोन, पुढे तीन, असे पाच तिने स्वतःच काढले.

वजाबाकीचे चिन्ह एकच असले, तरी त्यामागे दोन वेगळे प्रश्न असतात, हे आपण मुलांना पुरेसे सांगत नाही. ४०३ वजा ५ करताना पाच पावले मागे जाणे सोपे असते. ४०३ वजा ३९८ करताना तीनशे अठ्ठ्याण्णव पावले मागे जाणे हा वेडेपणा ठरतो आणि दोन संख्यांमधील अंतर पाहणे शहाणपणाचे ठरते. कोरी संख्यारेषा काढून तिच्यावर उड्या मारू दिल्या की हा फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. तिच्यावर खुणा आखलेल्या नसतात, त्यामुळे उडी किती मोठी घ्यायची हे मुलालाच ठरवावे लागते, आणि मला ती आवडते ती नेमकी याच कारणासाठी.

बेरजेत मुले मुळात चतुरच असतात. सुरुवातीला ३ आणि ८ यांच्या बेरजेसाठी ती सगळे मणी एकपासून मोजतात, परंतु लवकरच आठ मनात धरून "नऊ, दहा, अकरा" असे पुढे मोजू लागतात. ग्रोन आणि पार्कमन यांनी १९७२ साली पहिलीतील मुलांना उत्तर द्यायला लागणारा वेळ मोजला, तेव्हा तो दोहोंतील लहान संख्येप्रमाणे वाढत असल्याचे दिसले. म्हणजे क्रम कोणताही असो, मुले मोठ्या संख्येपासून सुरुवात करत असावीत. पुढची पायरी मात्र बहुधा शिकवावी लागते, ती म्हणजे दहा पूर्ण करणे: ८ आणि ५ असतील, तर पाचाचे दोन आणि तीन करून दोन आठाला द्यायचे. त्यासाठी दहाच्या जोड्या जिभेवर असाव्या लागतात. दुपटी मात्र बहुधा त्याआधीच, फारसे कष्ट न घेता येतात.

आपल्या भाषेने एक युक्ती तर नावातच ठेवली आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक ऊन, म्हणजे एक कमी. त्यामुळे ४६ मध्ये २९ मिळवताना तीस मिळवून एक काढायचा, हे शिकवायला त्या शब्दाची फोड करण्यापलीकडे काही लागत नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही सोय आहे, फक्त नव्व्याण्णव पंगत सोडून बसतो. याच भाषेची एक अडचणही आहे: सत्तावीस म्हणताना आधी सात ऐकू येतात आणि मग वीस, त्यामुळे काही मुले ७२ लिहून मोकळी होतात. म्हणून तोंडी बेरीज करताना "वीस आणि सात" अशी फोड मी मुद्दाम करून घेते, कारण मनात हिशेब करताना दशकापासून सुरुवात करणे बहुतेकांना सोपे जाते.

उभ्या मांडणीशी माझे वैर नाही. ६८४७ आणि २७८९ यांची बेरीज हातच्याशिवाय करा, असे मी कोणालाही सांगणार नाही. आक्षेप आहे तो घाईला. संख्येची फोड करता येण्याआधीच हातचा शिकवला, तर ४०३ ही संख्या राहत नाही, ते तीन सुटे अंक होतात. उलट दिशेची घाईही तितकीच वाईट असते: एकच उदाहरण पाच रीतींनी सोडवा, असे बंधन घातले की युक्त्यांचेही पाठांतर होते. रीत संख्या पाहून निवडायची असते.

म्हणून सध्या मी आठवड्यातून एकदा फळ्यावर दहा उदाहरणे लिहिते आणि ती सोडवू देत नाही. कोणती तोंडी होतील आणि कोणती लेखी करावी लागतील, एवढेच मुलांनी ठरवायचे. काल एका मुलाने ६०० वजा ५९९ लेखी गटात टाकले आणि कारण विचारल्यावर म्हणाला, "मोठ्या संख्या आहेत ना, बाई." ते एक उदाहरण मी उद्याच्या तासासाठी फळ्यावर तसेच ठेवले आहे.