अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचा माणूस

१४ जानेवारी, पुणे

काल रात्री झोप येईना, म्हणून अमेरिकन फुटबॉलचा एक जुना सामना लावून बसलो. १३ जानेवारी २०१३ चा, अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये झालेला, अटलांटा फाल्कन्स विरुद्ध सिअ‍ॅटल सीहॉक्स. दर जानेवारीत मी तो एकदा तरी पाहतो. निकाल पाठ असूनही शेवटच्या अर्ध्या मिनिटात छातीत धडधडतेच. या वेळी आमच्या सौभाग्यवती पाणी प्यायला उठल्या होत्या, त्या नेमक्या शेवटी पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, एवढा धिप्पाड माणूस रडतोय कशाला? जिंकलेत ना?" मी म्हणालो, "म्हणूनच रडतोय." त्या "झोपा आता" म्हणून निघून गेल्या. तो माणूस का रडत होता ते त्यांना नीट सांगायचे राहून गेले, म्हणून आज इथे लिहितो आहे.

त्या माणसाचे नाव टोनी गोन्झालेझ, क्रमांक ८८, जागा टाइट एंड. २००४ ते २००८ अशी चार वर्षे मी नोकरीनिमित्त कॅन्ससमध्ये होतो, आणि त्या चारही वर्षांत तो पलीकडच्या कॅन्सस सिटीत चीफ्स संघाकडून खेळत होता. अमेरिकन फुटबॉलचे मला तेव्हा काहीच कळत नसे. माणसे धावतात, एकमेकांवर आदळतात, मग बराच वेळ नुसती उभी राहतात, एवढीच माझी समजूत होती. २००४ च्या डिसेंबरात कार्यालयातला एक सहकारी मला अ‍ॅरोहेड स्टेडियमवर घेऊन गेला. थंडी इतकी होती की हातमोज्यांच्या आत बोटे आहेत की नाहीत, हे चाचपून पाहावे लागत होते. त्याने आपली दुर्बीण माझ्या हातात दिली आणि सांगितले की पहिला अर्धा तास चेंडूकडे अजिबात बघायचे नाही, फक्त ८८ कडे बघायचे. त्याचे वय माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी जास्त होते आणि तो माझा वरिष्ठही होता, म्हणून निमूटपणे ऐकले.

त्या अर्ध्या तासात मी जे पाहिले त्यावर पुढची वीस वर्षे या खेळाची आवड टिकली आहे. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांपैकी निदान सात जणांना चेंडूच्या रेषेत उभे राहावे लागते, आणि त्या सातांपैकी दोन टोकांच्या दोघांनाच पुढे फेकलेला पास झेलण्याचा अधिकार असतो. मधले पाच जण सबंध सामना धक्के देतात आणि खातात, आणि खेळी सुरू करताना चेंडू मागे देणारा सोडला तर इतरांचा चेंडूला हात लागलाच तर तो अपघाताने. टोकाचा जो खेळाडू या पाचांना चिकटून उभा राहतो तो टाइट एंड. एका खेळीत त्याला सव्वाशे किलोच्या माणसाच्या छातीवर दोन्ही तळवे टेकवून त्याला आपल्या धावपटूच्या वाटेतून बाजूला सारायचे असते, तर पुढच्याच खेळीत तोच माणूस चकवून वीस यार्ड पळत जाऊन, वळून, चेंडू झेलायचा असतो. आपल्याकडे यष्टिरक्षकाने यष्टी सांभाळाव्यात, फलंदाजी जमली तर बरेच, असा एक काळ होता. टाइट एंडकडेही पूर्वी साधारण तसेच पाहत. धक्के देणे हे त्याचे काम, झेल घेतला तर वरकड. तसा १९६१ मध्ये शिकागोच्या माइक डिटकाने पहिल्याच हंगामात ५६ झेल घेऊन १,०७६ यार्ड काढून दाखवले होते. पण असे खेळाडू त्या काळात विरळाच.

गोन्झालेझ या जागेवर आला तो बास्केटबॉलच्या वाटेने. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संघांकडून तो दोन्ही खेळ खेळत असे, आणि १९९७ च्या मार्चमध्ये त्यांचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत पोहोचला होता. पुढच्याच महिन्यात चीफ्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तेराव्या क्रमांकावर निवडले. उंची सहा फूट पाच इंच. बास्केटवरून परतणारा चेंडू पकडताना खेळाडू प्रतिस्पर्ध्याला आपल्या पाठीशी अडवून धरतो आणि मग उडी मारतो, तेच तो गवतावर करी. बचावपटू अगदी अंगाला अंग लावून उभा असला तरी दोघांच्या मध्ये गोन्झालेझची पाठ असे, आणि क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, चेंडू फक्त त्या पाठीच्या वर, त्याच्याच हाताला लागेल असा टाकायचा असे. दुर्बिणीतून मी हे तीनदा पाहिले. तिन्ही वेळा बचावपटूची चूक मला दिसली नाही. त्याने करण्यासारखे दुसरे काही नव्हतेच.

त्याचे सगळे पहिल्यापासून सुरळीत झाले असे मात्र नाही. १९९८ च्या दुसऱ्या हंगामात हातात आलेले चेंडू त्याच्याकडून इतके सुटले की पहिल्या फेरीतली निवड वाया गेली असे लोक उघड बोलू लागले. त्याचे टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे, त्या वर्षी फक्त दोन. यावर त्याने केलेला उपाय सांगण्यासारखा आहे, कारण त्यात युक्ती म्हणावी असे काही नाही. सरावाआधी आणि सराव संपल्यावर तो जादा झेल घेत राहिला, आणि ही सवय त्याने नाव झाल्यावरही सोडली नाही. १९९९ मध्ये ७६ झेल आणि ११ टचडाउन झाले, आणि प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, त्याची पहिल्यांदा निवड झाली. अशा निवडी पुढे एकूण चौदा झाल्या.

मी त्याला पाहिले ते २००४ वर्ष त्याच्या भराचे होते. त्या हंगामात त्याने १०२ झेल घेतले. ते त्या वर्षी साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक होते, म्हणजे ज्यांचे कामच केवळ झेल घेणे असते अशा सगळ्या वाइड रिसीव्हरांपेक्षाही जास्त. आणि चीफ्स त्या वर्षी सात सामने जिंकले व नऊ हरले. या दोन आकड्यांची संगती मला तेव्हा लागत नव्हती. सहकाऱ्याला विचारले तर तो म्हणाला की बचाव फळी गळकी असेल तर टाइट एंडने शंभर झेल घेतले काय आणि दोनशे घेतले काय. मी तेव्हा एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचणी विभागात होतो. आमचे काम नीट झाले की कोणालाच काही दिसत नसे आणि उत्पादन बाजारात पडले की आमच्या सगळ्या नोंदी बिनचूक असूनही उपयोग नसे. त्यामुळे त्याचे म्हणणे लगेच पटले.

एक गंमत इथे लिहून ठेवतो. २००७ च्या हंगामाच्या सुमारास गोन्झालेझने मांस, मासे, अंडी आणि दूध असे सगळेच सोडले. ही बातमी आल्यावर कार्यालयात मी एकाएकी तज्ज्ञ ठरलो, कारण मजल्यावर पूर्ण शाकाहारी असा मी एकटाच होतो. दूध सोडल्यावर माणूस काय खातो, हे मलाही सांगता येईना. आमचा शाकाहार म्हणजे तूप, दही आणि दोन वेळचा चहा. त्याचेही वजन उतरले, नेहमीची वजने उचलवेनात, तेव्हा त्याने थोडे मासे आणि कोंबडी परत सुरू केली आणि बाकीचा आहार वनस्पतींचाच ठेवला. त्या हंगामात त्याचे ९९ झेल झाले.

२००८ मध्ये मी परत आलो. त्या वर्षी चीफ्स सोळांपैकी दोनच सामने जिंकले. तशाही संघात त्याने ९६ झेल घेतले. २००९ च्या एप्रिलमध्ये त्याला अटलांटाला देण्यात आले आणि बदल्यात चीफ्सना पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीतली एक निवड मिळाली. बारा हंगाम एका गावात घालवलेल्या माणसाची ही किंमत ऐकून मला पुण्यात बसून वाईट वाटले होते. खरे तर त्याला स्वतःलाच जिंकणाऱ्या संघात जायचे होते.

आता रडण्याकडे येतो. २०१२ चा हंगाम त्याचा सोळावा. तोपर्यंत त्याचे संघ पाच वेळा प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, गेले होते: चीफ्सबरोबर १९९७, २००३ आणि २००६ मध्ये, फाल्कन्सबरोबर २०१० आणि २०११ मध्ये. पाचही वेळा पहिल्याच सामन्यात हार. त्यातल्या तीन वर्षी संघ तेरा सामने जिंकून, पहिल्या फेरीत विश्रांती मिळवून आला होता, आणि तरीही घरच्या मैदानावर हरला. निवृत्त होणार हे त्याने जवळजवळ ठरवून टाकले होते. त्या जानेवारीत सिअ‍ॅटलविरुद्ध मध्यंतराला अटलांटाकडे २०–० अशी आघाडी होती. तिसरा भाग संपला तेव्हा २७–७. मग पुढच्या पंधरा मिनिटांत सगळे घरंगळत गेले आणि ३१ सेकंद उरले असताना सिअ‍ॅटल २८–२७ असे पुढे गेले. कॅमेऱ्याने तेव्हा बाकावरचे चेहरे दाखवले. सहाव्यांदा तेच होणार, हे वेगळे सांगायची गरज नव्हती.

अटलांटाचा क्वार्टरबॅक मॅट रायन याने पहिला पास हॅरी डग्लसकडे टाकला, २२ यार्ड. दुसरा गोन्झालेझकडे, मैदानाच्या मधोमध, १९ यार्ड. काल हा झेल मी चार वेळा मागे नेऊन पाहिला. यात उडी नाही, एका हाताची करामत नाही. मधली जागा मोकळी आहे हे धावता धावता ओळखून तो तिथे पोहोचतो, वळतो, चेंडू छातीशी घेतो आणि खाली जातो, कारण आता वेळ थांबवणे हेच काम उरलेले आहे. सतरा हंगामांत १,३२५ झेल घेतलेल्या माणसाचा हा सगळ्यात साधा झेल असावा आणि त्याच्याशिवाय पुढचे काहीही झाले नसते. मग मॅट ब्रायंटची ४९ यार्डांवरून तीन गुणांची किक. पहिली चुकली, पण त्याआधीच सिअ‍ॅटलच्या प्रशिक्षकाने टाइमआउट मागितला असल्याने ती मोजली गेली नाही. दुसरी बरोबर दोन खांबांमधून गेली. ३०–२८, आठ सेकंद शिल्लक. सामना संपल्यावर छत्तीस वर्षांचा गोन्झालेझ हमसून रडला.

पुढच्याच रविवारी त्याच मैदानावर सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध १७–० अशी आघाडी घेऊन फाल्कन्स २८–२४ ने हरले. सुपर बोलपासून, म्हणजे अंतिम सामन्यापासून, दहा यार्डांवर, चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, रॉडी व्हाइटसाठी टाकलेला पास बचावपटूने हाताने उडवला. गोन्झालेझचे त्या दिवशी आठ झेल आणि एक टचडाउन. तो सामना मी पुन्हा कधीही लावलेला नाही. तरी तो आणखी एका हंगामासाठी परतला. संघ चार विजय आणि बारा पराभव असा कोसळला आणि २९ डिसेंबर २०१३ रोजी कॅरोलायनाविरुद्धचा त्याचा शेवटचा सामना २१–२० असा, एका गुणाने गेला. प्लेऑफमधला विजय सबंध कारकीर्दीत एकच.

त्याला आतापर्यंतचा सर्वश्रेष्ठ टाइट एंड म्हणावे का, यावर माझा जुना सहकारी आणि मी अजून पत्रांतून भांडतो. धक्के देण्यात रॉब ग्रॉन्कोव्स्की त्याच्यापेक्षा सरस होता, हे मला मान्य आहे. टचडाउनचा गोन्झालेझचा १११ चा आकडा अँटोनिओ गेट्सने २०१७ मध्ये ओलांडला. चीफ्ससाठी सर्वाधिक झेलांचा ९१६ चा विक्रम २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रॅव्हिस केल्सीने मोडला. गोन्झालेझ निवृत्त झाला त्याच वर्षी केल्सी चीफ्समध्ये आला आणि गोन्झालेझला एकदाही न मिळालेले सुपर बोल त्याने तीन जिंकले. माझा मुद्दा वेगळ्या आकड्यांचा आहे. सतरा हंगामांचे प्रत्येकी सोळा असे २७२ सामने होतात, त्यांपैकी तो २७० खेळला. आणि एवढ्या वेळा चेंडू हाती घेऊन, एवढ्या जणांच्या अंगावर आदळून, त्याच्या हातून निसटलेला चेंडू प्रतिपक्षाला मिळाला तो कारकीर्दीत फक्त दोनदा. सहकारी म्हणतो की हे हिशेबनिसाचे निकष आहेत. असतील.

८८ या क्रमांकाची दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती मला अलीकडे जास्त आठवते. साठच्या दशकात बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉन मॅकी हा टाइट एंड हाच क्रमांक घालत असे. खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळावे म्हणून लीगविरुद्ध न्यायालयात गेलेला आणि १९७६ मध्ये दावा जिंकलेला तो हाच. उतारवयात त्याला स्मृतिभ्रंश झाला. त्याच्या पत्नीने लीगच्या आयुक्तांना पत्र लिहून त्याची अवस्था कळवली आणि त्यातून २००७ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या जुन्या खेळाडूंच्या देखभालीसाठी वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत मदत देणारी योजना निघाली. तिचे नावच ८८ योजना. मॅकी २०११ मध्ये गेला. त्याच्या मेंदूत वारंवार बसलेल्या आघातांच्या खुणा सापडल्या. त्या डिसेंबरात दुर्बिणीतून मी जे धक्के इतक्या कौतुकाने मोजत होतो, ते मला आता तितक्या सहजपणे मोजवत नाहीत, आणि तरी सामना लावतोच.

आज दुपारी सौभाग्यवती बाहेर गेल्यावर कालच्या सामन्याचा पहिला भाग परत काढला. सहकाऱ्याने सांगितले होते तसे फक्त ८८ कडे बघायचे ठरवले होते. ते जमले नाही. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. धावेची खेळी सुरू झाली की गोन्झालेझ समोरच्याच्या छातीवर हात टेकवतो, एक पाऊल रेटतो, आणि तेवढ्यात चित्र उजवीकडे सरकून तो चौकटीबाहेर जातो. धावपटू पाच यार्ड काढून पडला की चित्र परत येते, तोवर तो उठून गुडघे झटकत असतो. मधल्या वेळात त्याने काय केले ते पाहायला मैदानातच बसावे लागते, आणि दुर्बीण तर तेव्हाच परत करून टाकली होती.