आयरिस म्हणून घेतला, यूएचडी निघाला

‘ड्रायव्हर अपडेट केला, समस्या सुटली’, नव्या लॅपटॉपच्या ग्राफिक्सची माझी तक्रार बंद करताना विक्रेत्याच्या मदत केंद्राकडून आलेला हा मेसेज मी अजून जपून ठेवलाय. त्या १९ दिवसांत ड्रायव्हर तीनदा टाकून झाला आणि तिन्ही वेळा काहीही बदललं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

नाशिकला माझं स्ट्रक्चरल डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. ऑटोकॅडमधली टू-डी ड्रॉइंग, बीबीएस (सळ्यांची मापं आणि वाकवण्याचा तक्ता), एक्सेलमधली एस्टिमेट हे काम, आणि आठवड्यातले तीन दिवस साइटवर. २०२२ च्या दिवाळीनंतर जुना लॅपटॉप बंद पडला. ज्या दुकानात गेले तिथे एकच वाक्य: “मॅडम, ऑटोकॅड म्हणजे ग्राफिक्स कार्ड पाहिजेच.” दाखवत होते ते एनव्हिडियाचं एमएक्स५५०, २ जीबीचं. किमतीत १४,००० चा फरक, वर वजन आणि मोठा चार्जर. आमच्या निम्म्या साइटवर लाईट आलेली नसते, त्यामुळे बॅटरी मला कार्डापेक्षा महत्त्वाची. रेंडरिंग, म्हणजे खऱ्यासारखी थ्री-डी चित्रं, मी करत नाही. माझी जाऊ इंटिरियर करते, तिचं रोजचं काम एनस्केप या रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिला वेगळं कार्ड लागतंच, आणि तिलाही २ जीबी पुरलं नसतं. एनस्केप किमान ४ जीबी मागतं. म्हणजे ते २ जीबीचं कार्ड मला नको होतं आणि तिच्या कामाचं नव्हतं. मी इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सचा लॅपटॉपच घेतला: इंटेलचा आय५-१२३५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि माहितीपत्रकावर ग्राफिक्सचं नाव ‘आयरिस एक्सई’. हा निर्णय बरोबर होता, आजही माझं तेच मत आहे.

लॅपटॉप आला, दोन मॉनिटर जोडले, एका आठ मजली इमारतीचं ड्रॉइंग आर्किटेक्टच्या एक्सरेफसकट (आत जोडलेल्या ड्रॉइंगसकट) उघडलं. पॅन केलं की चित्र अडकत अडकत सरकायचं. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर तिथे आयरिसचं नावच नव्हतं. ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’ एवढंच, म्हणजे खालच्या पायरीचं नाव.

विक्रेत्याच्या मदत केंद्राला फोन केला. ड्रायव्हर जुना असेल म्हणाले, दूर बसून स्क्रीन ताब्यात घेतली आणि नवा टाकला. नाव तेच. दुसऱ्या फोनला दुसरा माणूस. त्याला बिल नंबर, सीरियल नंबर, सगळं पहिल्यापासून सांगा. त्याने पुन्हा ड्रायव्हर टाकला. तिसऱ्याने विंडोज रीसेट करायला लावलं, नंतर तिसऱ्यांदा ड्रायव्हर. माझा अख्खा शनिवार ऑटोकॅड, प्लॉटरची सेटिंग आणि टॅली परत बसवण्यात गेला. चौथा म्हणाला, “मॅडम, दोन्ही सारखंच असतं हो, फक्त नाव वेगळं आहे.” सारखंच असतं तर माहितीपत्रकावर दुसरं नाव छापलं कशाला, या प्रश्नावर त्याने फोन होल्डवर टाकला. पाचव्याचं म्हणणं, मदरबोर्ड तपासावा लागेल, चार-पाच दिवस लॅपटॉप जमा करा. त्या आठवड्यात साइटवर दोन फुटिंगचं (पायाचं) चेकिंग होतं, ड्रॉइंग माझ्याकडे. मी नाही दिला. नशीब नाही दिला, कारण मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं.

उत्तर इंटेलच्या त्या प्रोसेसरच्या पानावरच होतं, खाली बारीक टीप म्हणून: आयरिस एक्सई हे नाव लागायला मेमरी १२८ बिट, म्हणजे ड्युअल चॅनेल (एकाच वेळी दोन वाटांनी चालणारी) असावी लागते, नसेल तर यूएचडी. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन स्लॉट होते आणि ८ जीबी रॅमची एकच स्टिक (पट्टी), म्हणजे चॅनेलही एकच. मदत केंद्रातल्या एकानेही ‘मॅडम, स्टिक किती आहेत?’ असं विचारलं नव्हतं.

इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवतं. त्यामुळे रॅमचा रस्ता जितका रुंद, तितकं ते पळतं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन असल्या की ५१.२. ऑटोकॅडची किमान अपेक्षा २९ आहे. एका स्टिकवर मी त्या रेषेच्या खाली होते, दोनवर बरीच वर.

हे मदत केंद्राला सांगितलं तर म्हणे, “बाहेरून रॅम टाकलीत तर वॉरंटी जाईल.” माझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये रॅम कशी बसवायची याची चित्रं आहेत! मग त्यांची वाट न पाहता ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. त्याच वेगाची ८ जीबीची स्टिक, २,३०० रुपये, दहा मिनिटांचं काम. रिस्टार्ट केल्यावर ड्रायव्हरला हातही न लावता नाव बदललं: आयरिस एक्सई. तेच ड्रॉइंग उघडलं, पॅन केलं, आणि मी खुर्चीत नुसती बसून राहिले. इतकं बरं वाटलं.

तुमचा लॅपटॉप बघायचा असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर किती ते दिसतं. दुकानातल्या डेमो पीसवरही हे दोन क्लिकमध्ये बघता येतं. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर प्रकारची रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, ती नंतर वाढत नाही, तेव्हा घेतानाच १६ घ्या. बिलावर जीएसटी नंबर घालायला विसरू नका. १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, मला बिल बदलून घ्यावं लागलं. हो, आणि ऑटोकॅडमध्ये ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ कमांड देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना ते पाहा. हे खरं तर पहिलं पाहायला हवं.

परवा भाच्याने त्याच्या ऑफिससाठीचं कोटेशन पाठवलं. “मावशी, यात इंटेल आर्क आहे, कार्ड नको ना आता?” कोअर अल्ट्राच्या एच मालिकेतला प्रोसेसर, त्यापुढे ‘१६ जीबी’ एवढंच. आर्क हे इंटेलच्या नव्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सचं नाव, त्यालाही ड्युअल चॅनेल लागतंच. एक १६ ची की दोन ८ च्या, हे विक्रेत्याकडून लेखी घे म्हणून सांगितलंय. दोन दिवस झाले, उत्तर आलेलं नाही.